देवाचे नगर आणि त्याचे दार

मिसर देशाचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. भावांनी विकलेला योसेफ तेथे गुलाम म्हणून गेला आणि राजाचा कारभारी झाला. मोशेने आपल्या लोकांस बाहेर काढिले ते तेथूनच. हेरोदाच्या भयाने बाळ येशूला घेऊन मरिया व योसेफ आश्रयास गेले तेही त्याच देशात. परंतु त्या देशातील लोक स्वतः कोणत्या देवळांत जात, तेथे रोज काय चाले, आणि साध्या शेतकऱ्याला आपल्या देवाच्या किती जवळ जाता येई, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ते आज सांगावयाचे आहे. आणि तेवढ्यावर न थांबता आपल्याच देशातील तशा एका देवनगरीत वाचकांस न्यावयाचे आहे. ती नगरी म्हणजे पंढरपूर.

हा लेख आम्ही बुऱ्हाणपुरातील राजपुऱ्यातून लिहीत आहोत. येथील तापी नदी पश्चिमेकडे वाहत खानदेशात शिरते. तेथे तिच्या काठी मेहूण येथे ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई १२९७ साली अंतर्धान पावली, असे वारकरी मानतात. आषाढी एकादशीच्या सुमारे महिनाभर आधी मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून निघते आणि ऊनपाऊस अंगावर घेत पंढरपूर गाठते. आपल्या शेजारची कितीतरी माणसे त्या वाटेने चालतात. शेजारी कोठे जातो, कशासाठी जातो आणि तेथे त्याला काय लाभते, हे नीट जाणून घेणे हा शेजारधर्मच आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर करू नये, असेच सांगितले आहे.

नाईलकाठचे अबायडॉस

मिसर देशात देवनगरी पुष्कळ होत्या. त्यांपैकी लोकांच्या मनात ज्या नगरीने खोल घर केले होते ती अबायडॉस. नाईल नदीच्या पश्चिमेस, वाळवंटाच्या कडेला ती वसली होती. ख्रिस्तापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे, मिसरच्या पहिल्या राजांची थडगी तेथे बांधली गेली. पुढे कित्येक शतकांनी त्यांपैकी एका राजाचे थडगे हीच ओसायरिस देवाची कबर, अशी श्रद्धा रूढ झाली. ओसायरिसची कथा अशी : तो चांगला राजा होता, त्याच्या भावाने मत्सराने त्याचा वध केला, पत्नी आयसिसने त्याचे विखुरलेले देह गोळा केले, आणि तो मृतांचा स्वामी झाला. मरण ज्याने भोगले तोच मेलेल्यांचा कैवारी, या कल्पनेने दुःखी माणसाला धीर येई. म्हणून जन्मात एकदा तरी अबायडॉसला जावे, आणि जिवंतपणी जमले नाही तर मेल्यावर तरी जावे, असे लोकांस वाटे. थडग्यांच्या भिंतींवर अबायडॉसच्या नौकायात्रेची चित्रे काढीत, ती यासाठीच. भक्तांनी वाहिलेल्या मातीच्या भांड्यांच्या खापऱ्यांचे तेथे एवढे ढीग पडले की पुढे अरबी बोलणाऱ्यांनी त्या जागेला ‘भांड्यांची आई’ असे नाव दिले.

ख्रिस्तापूर्वी तेराव्या शतकात सेती पहिला या राजाने तेथे चुनखडीचे भव्य देऊळ बांधविले, आणि त्याचा पुत्र रामसेस दुसरा याने ते पुरे केले. त्यात एका ओळीत सात गाभारे आहेत. ओसायरिस, आयसिस, त्यांचा पुत्र होरस, आणखी तीन देव, आणि सातवा गाभारा खुद्द सेती राजाचा. देवांच्या गाभाऱ्यांच्या भिंतींवर रोजच्या पूजेचा क्रम कोरून ठेविलेला आहे. म्हणून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती सकाळ आज आपणांस चित्रात पाहता येते.

पहाटे पुजारी गाभाऱ्याच्या दाराशी येई. रात्री लाविलेली मातीची मोहर तो फोडी, अडसर सारी आणि दार उघडी. देवाचे मुख दिसताच तो भूमीला कपाळ लावी. धूप जाळी. कालचे वस्त्र उतरवून मूर्ती स्वच्छ करी, सुगंधी तेल लावी, नवे वस्त्र नेसवी, अलंकार चढवी, आणि अन्नपाण्याचे ताट पुढे मांडी. देवाचे भोजन झाले असे मानून तेच अन्न मग पुजाऱ्यांत वाटले जाई. परत निघताना तो आपल्या पावलांचे ठसे झाडून काढी, दार लावी व पुन्हा मोहर करी. जणू कोणी माणूस तेथे आलाच नव्हता!

हे सारे कोणी पाहावे? फक्त पुजाऱ्यांनी. भिंतींवरील चित्रांत तर पुजारीही नाही. तेथे प्रत्येक पूजा राजाच करताना दाखविला आहे. कारण देवासमोर उभे राहण्याचा अधिकार नियमाने एकट्या राजाचा, आणि पुजारी त्याचा केवळ प्रतिनिधी. अंगावरचे केस काढून, दिवसा दोनदा व रात्री दोनदा गार पाण्याने स्नान करून ते पुजारी शुद्धता राखीत, असे ग्रीक लेखक हेरोडोटस याने लिहून ठेविले आहे. सामान्य माणसाने देवळाच्या बाहेरच्या भागापर्यंत यावे आणि तेथूनच परतावे. ज्याच्या घामाच्या धान्यावर देवाचे ताट भरे, त्याला त्या ताटापर्यंत जाण्याची वाट नव्हती.

मग त्याला देव भेटे केव्हा? उत्सवात. सेनुस्रेत तिसरा या राजाचा इखेरनोफ्रेत नावाचा एक अधिकारी होऊन गेला. ख्रिस्तापूर्वी सुमारे १८५० साली राजाने त्याला अबायडॉसच्या उत्सवासाठी पाठविले. आपण काय काय केले हे त्याने एका शिळेवर कोरविले. ती शिळा आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. मूर्ती सोन्याने व नीलवर्ण रत्नांनी मढविली, ती देवाच्या नौकेत बसविली, मिरवणूक काढिली, देवाच्या शत्रूंशी लुटुपुटीची लढाई झाली, देव आपल्या कबरीपर्यंत गेला आणि जयघोषात परत आला, असा तो वृत्तांत आहे. त्या दिवशी वाटेच्या दुतर्फा लोक उभे राहत.

याच वाटेच्या कडेला लोकांनी एक उपाय शोधून काढिला होता. आपल्याला आत जाता येत नाही ना? मग देव बाहेर येईल त्या वाटेवर आपल्या नावाचा एक दगड तरी असू द्यावा! म्हणून ज्याला जमेल तो विटांचे लहानसे घर बांधी आणि त्यात आपल्या कुटुंबाची नावे कोरलेली शिळा ठेवी. देवाची मिरवणूक जवळून जाईल, धुपाचा वास आपल्या नावापर्यंत पोहोचेल, एवढीच त्याची आशा. असे शेकडो दगड सापडले आहेत. दाराबाहेर राहिलेल्या माणसांची ती मूक प्रार्थनाच म्हणावी लागेल.

भीमेकाठचे पंढरपूर

आता आपल्या देशाकडे वळू. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तेथे तिला चंद्रभागा म्हणतात. तिच्या तीरावर पंढरपूर आहे. १२३७ सालच्या शिलालेखात या गावाचा व पुंडलिकाचा उल्लेख येतो. देवळात ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ म्हणून प्रसिद्ध असलेला लेख आहे. १२७३ ते १२७७ या वर्षांत देवळास दान देणाऱ्यांची नावे त्यावर आहेत, आणि त्यांत देवगिरीचा यादव राजा रामचंद्र याचेही नाव आहे. कथा अशी सांगतात की पुंडलिक आईबापांची सेवा करीत असता देव दाराशी आला. पुंडलिकाने हातची सेवा न सोडता एक वीट मागे टाकली आणि तीवर थांबावयास सांगितले. तो देव, म्हणजे विठ्ठल, कमरेवर हात ठेवून अद्याप त्या विटेवर उभा आहे. आईबापांची सेवा चालू असता देवालाही थांबावे लागते, ही कल्पना कोणत्याही धर्माच्या घरात मुलांस सांगण्याजोगी आहे.

पंढरपूरची पहाट आणि अबायडॉसची पहाट शेजारी ठेवून पाहिली तर वाचकांस नवल वाटेल. येथेही पहाटे दार उघडते आणि काकड आरतीने देवाला उठविले जाते. दूध, दही, तूप, मध, साखर यांनी व पाण्याने मूर्तीला स्नान घालितात, गंध लावितात, वस्त्रे नेसवितात. दुपारी नैवेद्य, सायंकाळी धूपारती, आणि रात्री शेजारती करून देवाला निजवितात. या कामांची वाटणी पूर्वी पिढ्यानपिढ्या ठरलेली होती. पुजारी प्रत्यक्ष पूजा करीत, बेणारी मंत्र म्हणत, परिचारक पाणी व आरतीचे साहित्य आणीत, हरिदास पदे गात, डिंगरे देवापुढे आरसा धरीत, दिवटे मशाल घेऊन उभे राहत, डांगे चांदीची काठी धरीत. आणि या सर्वांवर बडव्यांची देखरेख असे.

एवढे साम्य असूनही वाट कोठे वेगळी होते, ते यात्रेच्या दिवसांत कळते. आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढून ठेवितात. आता देवाला झोप नाही. रात्रंदिवस दार उघडे. उभ्या उभ्या पाठ अवघडू नये म्हणून मागे मऊ लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर चोळून ऊन पाण्याने स्नान घालितात, आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढाही देतात. ज्या दगडी पायांना लाखो कपाळे लागली, ते पाय दमले असतील, असा हा प्रेमळ हिशोब आहे. अबायडॉसचा पुजारी माणसाच्या पावलांचे ठसे झाडून टाकी. पंढरपूरचा भाविक देवाच्या पायांवर स्वतःचे डोके टेकवितो. दोन्ही नगरींतील सारा फरक या एका गोष्टीत साठविला आहे.

आषाढीच्या पहाटेची महापूजा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री सपत्नीक करितात. मिसर देशात राजाचा जो मान होता तोच हा, असे कोणी म्हणेल. परंतु त्यांच्या शेजारी आणखी एक जोडपे उभे असते. ते असते दर्शनाच्या रांगेतून निवडलेले वारकरी जोडपे, बहुधा कोणी शेतकरी. राज्याचा प्रमुख आणि रांगेतला शेतकरी एकाच पूजेला उभे राहतात, असे चित्र सेतीच्या भिंतींवर कोठेही कोरलेले नाही.

वारकरीही देवळाला अडून बसत नाही. गर्दीमुळे पायांपर्यंत जाता आले नाही तर तो दुरून मुख पाहतो, आणि तेही न साधले तर कळसाला हात जोडून घरी परततो. त्याची खरी पूजा वाटेवर झालेली असते. टाळ-मृदंग, अभंग, आणि भेटेल त्याच्या पाया पडणे, मग तो लहान असो की थोर. पौर्णिमेला गोपाळपुरास काला होतो आणि मगच यात्रा सरते. फादर गी देलरी या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी या विठ्ठलभक्तीचा सखोल अभ्यास केला, आणि १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या भक्तीकडे आदराने पाहण्याची शिकवण त्यातून आपणांस मिळते.

पायरीवर थांबलेला चोखा

येथवर वाचून कोणी म्हणेल की पंढरपूरचे दार सर्वांना पहिल्यापासून उघडेच होते. तसे नव्हते, आणि हे सांगितल्यावाचून लेख प्रामाणिक होणार नाही.

चौदाव्या शतकात मंगळवेढ्यास चोखामेळा नावाचा संत होऊन गेला. तो महार जातीचा होता. विठ्ठलाचे अभंग रचणाऱ्या या भक्ताला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली तो दडपून मेला. त्याच्या अस्थी नामदेवाने पंढरपुरास आणिल्या आणि महाद्वारासमोर त्याची समाधी बांधली, अशी परंपरा आहे. पुढे नामदेवही त्याच महाद्वाराच्या पायरीखाली विसावला. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. म्हणून आजही लोक ‘नामदेव पायरी’वर पाय न ठेविता तिला हात लावून आत जातात.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून अबायडॉसच्या वाटेवरील ते दगड आठवावेत. तेथेही दाराबाहेर नावे, आणि येथेही दाराबाहेर समाधी! एक शिंपी आणि एक महार यांनी देवळाचा उंबरठाच पवित्र करून टाकला. चोखोबाला नमस्कार केल्यावाचून विठ्ठलाकडे जाऊ नये, असे लोक मानू लागले. परंतु त्याच चोखोबाच्या जातीच्या जिवंत माणसाला मात्र त्या पायरीवरून पुढे येऊ देत नव्हते. असे एक-दोन वर्षे नव्हे, सहाशे वर्षांहून अधिक काळ चालले. वारीच्या वाटेवरही जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसत, हे इरावती कर्वे यांनी स्वतः दिंडीबरोबर चालून पाहिले व लिहिले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा एक होता.

हे दार शेवटी उघडले ते साने गुरुजींच्या तपामुळे. देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता. देश मोकळा होत असता देव कोंडलेला का राहावा, हा प्रश्न घेऊन ते कित्येक महिने महाराष्ट्रभर हिंडले. गावोगावी देवळे व पाणवठे खुले करावेत म्हणून त्यांनी लोकांस विनविले. तरी पंढरपूरचे दार हलेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, हरिजनांस मंदिरप्रवेश देण्याचे मान्य झाल्यावर त्यांनी ते सोडिले. कोणावर हात न उगारता, कोणाला शिवी न देता, स्वतःच्या देहाला कष्ट देऊन त्यांनी ते दार उघडविले.

पुढची पावले कायद्याने पडली. १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला आणि वंशपरंपरेचे हक्क संपवून कारभार समितीकडे देण्याचे ठरले. न्यायालयांत तो वाद दीर्घकाळ चालला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, आणि बडवे व उत्पात यांचे हक्क कायमचे संपले. त्याच वर्षी समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींतील लोकांकडून, आणि स्त्रियांकडूनही, अर्ज मागविले. ज्या गाभाऱ्याच्या पायरीवर चोखा थांबला, त्या गाभाऱ्यातील पूजेसाठी कोणत्याही जातीच्या माणसाने पुढे यावे, असे त्या दिवशी जाहीर झाले.

दार आणि आयुष्य

अबायडॉसचे देऊळ आज पाहावयास मिळते. रंग अजून ताजे वाटतात, दगड शाबूत आहेत. परंतु तेथे कोणी काकडा लावीत नाही. मिसरच्या जुन्या देवळांची पूजा हळूहळू मालवत गेली. सहाव्या शतकात बादशहा जस्टिनियन याच्या आज्ञेने फिली बेटावरील देऊळ बंद झाले, आणि तो दिवा विझला. भिंतींवर काय लिहिले आहे हेही लोक विसरले. १८२२ साली शांपोलियॉ या फ्रेंच पंडिताने ती लिपी उलगडली, तेव्हा त्या भिंती पुन्हा बोलू लागल्या. या अस्ताची कारणे अनेक आहेत : राज्ये बदलली, धर्म बदलला, देवळांची जमीन गेली. परंतु आम्हांस एक कारण विशेष विचार करण्याजोगे वाटते. तेथील पूजा पुजाऱ्यांच्या हाती आणि पोथ्यांत होती. पुजारी गेले, पोथ्या मुक्या झाल्या आणि पूजाही गेली.

पंढरपूरवरही संकटे थोडी आली नाहीत. पण विठ्ठलाचे नाव पुजाऱ्याच्या पोथीत अडकलेले नव्हते. ते जात्यावरच्या बाईच्या आणि नांगरामागच्या माणसाच्या तोंडी होते. २०२० साली महामारीमुळे पायी वारी थांबली आणि संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून पंढरपुरास न्याव्या लागल्या. तरी घराघरांत हरिपाठ चालूच राहिला. जी भक्ती लोकांच्या तोंडी असते तिला कुलूप लावता येत नाही, आणि अशी भक्ती बाहेर वाढत असली म्हणजे आतल्या दारालाही केव्हा तरी उघडावेच लागते.

हे वाचून आपण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविणार असू, तर ते योग्य होणार नाही. प्रभू क्रुसावर मरण पावला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे आपले शुभवर्तमान सांगते. त्या फाटलेल्या पडद्याची शिकवण ऐकूनही ख्रिस्ती माणसांनी पुन्हा भिंती बांधल्याच. तमिळ देशात वडक्कनकुळम येथील चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकात दोन जातींसाठी दोन वेगळी दालने होती आणि मध्ये भिंत होती. वेदी एकच, पण तिच्याकडे पाहणारे दोन बाजूंस! १९१० साली ती भिंत पाडण्यात आली. दगडाची भिंत पाडावयास एक दिवस पुरतो. मनातली पाडावयास पिढ्या लागतात, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे.

म्हणून आमच्या वाचक कुटुंबांना एवढेच सांगणे आहे. गावावरून दिंडी जाऊ लागली की मुलांस दाराशी आणून ती दाखवावी, चालणाऱ्यांस पाणी द्यावे, आणि पुंडलिकाची व चोखोबाची गोष्ट मुलांस सांगावी. आणि रविवारी मिस्सेला गेल्यावर जरा मागे वळून पाहावे. सर्वांत शेवटच्या बाकावर, किंवा दाराबाहेरच्या ओसरीवर, नेहमी कोण उभे असते? ते तेथे आपणहून उभे असते, की पुढे ये असे त्याला कोणी म्हटलेच नाही? उत्तर सापडले की पुढचे काम अवघड नाही. आपल्या बाकावर थोडे सरकून त्याला जागा द्यावी.